बाकी सगळ्यांची फांदी

९ जानेवारी

आज नवं काम गळ्यात पडलं. एका मोठ्या बस कंपनीत रजेचे अर्ज अजून कागदावरच चालतात. अर्ज डेपोतून निघतो, टेबलाटेबलांवर मुक्काम करतो आणि मंजुरी येईपर्यंत माणूस रजा भोगून परतही आलेला असतो. ते सगळं आता आमच्या सॉफ्टवेअरवर आणायचं आहे आणि नियमांचं झाड मी उभं करायचं आहे. साहेब म्हणाले, "हे नीट पार पडलं तर विभागाची प्रमुख तूच." म्हणाले खरं. त्यांच्या बोलण्यातलं पक्कं किती आणि हवेतलं किती, हे इतक्या वर्षांत मला कळलेलं नाही.

घरी येऊन आईंना सांगितलं. "झाड म्हणजे?" त्यांनी विचारलं.

मी काड्यापेटीतल्या काड्या टेबलावर मांडल्या. "हा पहिला प्रश्न. आजारपणाची रजा आहे का? हो असेल तर इकडे, नाही तर तिकडे. इकडे आलं की पुढचा प्रश्न, डॉक्टरचा दाखला जोडलाय का? असं करत करत शेवटी पान येतं. पानावर लिहिलेलं असतं मंजूर, नामंजूर, नाहीतर अधिकाऱ्याकडे पाठवा."

"म्हणजे उलटं झाड. मुळं वर, पानं खाली."

"हो."

"आणि फळं?"

"फळं साहेबांना."

हसल्या. मग सगळ्या काड्या एकेक करून पेटीत परत भरल्या. टाकवत नाही त्यांना काही.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. म्हणजे होत्या. सहा वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला, तिथेच त्याचं दुसरं जमलं आणि आमचा घटस्फोट झाला. आईंना न्यायला तो गाडी घेऊन आला होता. आईंनी त्याला चहा पाजला आणि गाडी रिकामी परत पाठवली. का, ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. माझा समज असा की त्यांना त्यांची खोली सोडवत नाही. सकाळचं ऊन थेट पलंगावर येतं ना. खालच्या मजल्यावरच्या बाईंना अजून आमचं कोडं सुटलेलं नाही. भेटल्या की विचारतात, "तुमच्या त्या... बऱ्या आहेत ना?"

१५ जानेवारी

बस कंपनीच्या कार्मिक विभागाच्या मॅडम भेटल्या. कडक इस्त्रीच्या. त्यांच्याकडून परिपत्रकांचा गठ्ठा आला. एकात लिहिलंय 'पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा', दुसऱ्यात 'पाच वर्षे किंवा अधिक'. मग ज्याची बरोबर पाच वर्षं भरली त्याचं काय? मॅडम म्हणाल्या, "असं कधी झालेलंच नाही." शेजारी बसलेला आमचा तपासनीस लगेच म्हणाला, "प्रत्येकाचं एकदा तरी होतंच की, मॅडम."

याला ऑफिसात सगळे शंकेखोर म्हणतात. मी झाड उभं करायचं आणि याने ते गदागदा हलवून काय पडतं ते बघायचं, अशी आमची वाटणी. डोकं खातो, पण त्याच्याशिवाय काम होत नाही.

स्क्रीनवर चौकटी ओढायच्या, बाण जोडायचे. मला हे काम मनापासून आवडतं. दिवसभर लोक 'बघू', 'पाहू', 'कळवतो' म्हणत असतात. इथे प्रत्येक चौकटीला फक्त दोन दारं.

२३ जानेवारी

आई हल्ली आठवड्यातून दोनदा सकाळी ग्रंथालयात जातात. या वयात वाचनाचं वेड लागलंय म्हणून मी चिडवलं. पुस्तक मात्र एकच आहे, तेच उशाशी पडलेलं असतं. आज परतल्या तेव्हा कोपराच्या खोबणीत कापसाचा बोळा चिकटलेला होता. विचारलं तर म्हणाल्या, "ग्रंथालयाच्या दारात फुकट साखर तपासत होते. फुकट म्हटल्यावर दिला हात पुढे."

"किती निघाली?"

"गोड आहे म्हणाले बाई."

त्यांचा राखाडी स्वेटर पार ढगळ झालाय. मी धुताना गरम पाणी वापरते म्हणून, असं त्यांचं म्हणणं. पण गरम पाण्याने तर लोकर आटते ना? असो.

४ फेब्रुवारी

आज शोकरजेची फांदी. घरातलं कोणी गेलं तर पगारी रजा मिळते. मॅडमची यादी अशी: जोडीदार, मुलं, आईवडील, भावंडं, जोडीदाराचे आईवडील. संपलं.

"आणि आजी?" शंकेखोराने विचारलं. "काका? आत्या? ज्याला मावशीने वाढवलंय तो?"

"ते सगळे 'बाकी सगळे' मध्ये."

"आणि 'बाकी सगळे'चं पान काय ठेवायचं?"

"नामंजूर. नाहीतर प्रत्येकाला महिन्याला एक आत्या निघेल."

सगळे हसले. मीसुद्धा. शंकेखोर मात्र म्हणाला, "ते अधिकाऱ्याकडे पाठवूया. माणूस एकदा बघेल तरी." त्यावर मॅडमनी ऐकवलं की माणसाकडे पाठवायचंच असेल तर तुम्हाला कशाला बोलावलंय? बोलणं बिनतोड होतं. पान नामंजूरच राहिलं.

आईंना रात्री जेवताना हे सांगितलं. त्या तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या, माणसांचे नमुने त्यांना पाठ. म्हणाल्या, "पूर्वी ट्रंक कॉलला लोक खोटं सांगायचे, घरात मयत आहे, लवकर जोडा. मी जोडायची."

"खोटं आहे हे कळत असून?"

"आवाजावरून कळायचं. पण एखाद्याचं खरं निघालं तर?"

भात मात्र तसाच ठेवून उठल्या. अ‍ॅसिडिटी झालीय म्हणे. औषधाच्या बाटल्या वाढल्यात त्यांच्या खोलीत. डॉक्टरला दाखवा म्हटलं की म्हणतात, तुझं झाड लागू दे आधी.

१२ फेब्रुवारी

आईंनी कपाटं काढलीत. कपडे तीन ढिगांत: देऊन टाकायचे, फेकायचे, राहू द्यायचे. तिसरा ढीग अगदीच लहान. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर त्यांनी चिठ्ठ्या चिकटवल्यात. पाण्याची टाकी भरली की कुठला नळ अर्धा बंद करायचा, गॅसवाल्याचा नंबर कुठे, गळका पाइप कसा आवळायचा, हे सगळं मला उभं करून दाखवलं. मी जणू काल या घरात आले.

"मला येतं हो, आई."

"येतं माहितीये. तरी बघून ठेव."

आणि फोन. रोज दुपारी मुलाला फोन असतो. मी घरून काम करते त्या दिवशी दार लोटून घेतात. एक्स्चेंजची सवय, आवाज असा की दाराबाहेर कुजबुजसुद्धा येत नाही. पूर्वी पंधरा दिवसांतून एकदा बोलायचे दोघं, तेही 'जेवलास का' एवढंच.

काहीतरी शिजतंय.

१९ फेब्रुवारी

आज कळलं काय शिजतंय ते. दुपारी पाणी प्यायला उठले तर आईंच्या खोलीचं दार नीट लागलेलं नव्हतं. आई फोनवर म्हणत होत्या, "आता फार दिवस नाहीत रे इथे. इथलं आवरलं की झालं." मग थोडं थांबून, "तिला तू काही सांगू नकोस. मी सांगेन माझं मी."

म्हणजे जाणार आहेत मुलाकडे. सहा वर्षांनी आठवण झाली त्याला आईची. त्या नव्या बायकोला दिवस गेले असतील, घरी माणूस हवं असेल. आणि मला शेवटच्या दिवशी सांगणार, पिशवी हातात घेऊन.

माझा हक्क नाही हे मला कळतं. पण सांगता तर आलं असतं.

२० फेब्रुवारी

बोलायचं नाही असं ठरवून बोलले. सूप वाढताना त्या म्हणाल्या, "माझी निळी शाल तू घे, मला आता लागणार नाही." माझा तोल गेला.

"तिकडे काय कमी असतील शाली? जायचंय तर जा ना सरळ. मुलाकडेच जा. लपवाछपवी कशाला? कागदावर आपलं काही नातं नाही, आई. तुम्हाला अडवणारी मी कोण?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं, सुटल्यासारखं. मला वाटलं, बरं झालं, हिला कळलंय, आता सांगायचं ओझं गेलं, असंच त्यांना वाटलं असणार.

"कोणी सांगितलं तुला मी जाणार म्हणून?"

"मी ऐकलं."

"दुसऱ्याचं ऐकलं तर विसरून जावं," त्या म्हणाल्या. "आमची नोकरीच ती होती. सूप निवतंय, पी."

मी नाही प्यायले.

२१ फेब्रुवारी

डोकं ठणकत होतं, तरी ऑफिसला गेले. शंकेखोराने शोकरजेच्या फांदीवर नवी शंका काढली होती. जोडीदाराचे आईवडील हे ठीक. पण मध्ये घटस्फोट झाला असेल तर?

मी लगेच चौकट टाकली. 'विवाह आज अस्तित्वात आहे का?' हो, तर मंजूर. नाही, तर नामंजूर.

तो म्हणाला, "हे मॅडमच्या यादीत नाहीये."

"यादीत राहून गेलंय. नातंच उरलं नाही तर रजा कसली?"

"सरळ तोडण्यापेक्षा अधिकाऱ्याकडे पाठवलं तर?"

"नियम म्हणजे नियम. तूच म्हणतोस ना, कुठे फट ठेवू नका?"

त्याला माझ्या घरचं माहीत आहे. काहीतरी बोलणार होता, मग चष्मा पुसत बसला. दुपारी मॅडमना दाखवलं, त्या खूश. म्हणाल्या, "हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. तुम्ही मुळापर्यंत जाता."

त्या शाबासकीने बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी.

१ मार्च

घरात बोलणं जेवढ्यास तेवढं. आई सकाळी उन्हात बसतात आणि तिथेच झोपी जातात. मी ऑफिसातून उशिरा येते. काम आहेच, पण नसतं तरी उशिराच आले असते. निळी शाल माझ्या खुर्चीच्या पाठीवर घातलेली असते. मी ती काढून त्यांच्या पलंगावर ठेवते, सकाळी ती पुन्हा खुर्चीवर. या वयात असला पोरखेळ. आणि खेळतोय आम्ही दोघी.

७ मार्च

काल आई जिन्यात पडल्या. ग्रंथालयातून येत होत्या. खालच्या बाईंचा फोन आला, मी मीटिंग टाकून धावले. त्या पायरीवर बसलेल्या, भिंतीला टेकून, रंग पिवळा. मला बघून म्हणाल्या, "तुझी मीटिंग?"

इस्पितळात दाखल करताना काउंटरवरच्या नर्सने विचारलं, "नातं?" माझी जीभ अडखळली. स्ट्रेचरवरून आई करवादल्या, "सून आहे माझी. दुसरं काय दिसतंय?"

नर्सने आईंचं नाव टाकलं आणि तिला जुन्या नोंदी सापडल्या. तिथल्याच. ऑक्टोबरपासूनच्या.

डॉक्टरांनी मला खोलीत बसवलं. स्वादुपिंडात गाठ आहे, यकृतात पसरली आहे. ऑपरेशनची वेळ पहिल्याच तपासणीत टळून गेली होती. आई आठवड्यातून दोनदा इथे येत होत्या, वेदना कमी करण्याच्या औषधांसाठी, रक्त तपासायला.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" डॉक्टर म्हणाले. "एकाच घरात राहता ना?"

हो. एकाच घरात राहतो.

९ मार्च

तो आला. केस पिकलेत. आम्ही सहा वर्षांत फोनवरसुद्धा बोललो नव्हतो, आणि इस्पितळाच्या व्हरांड्यात शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसलो.

मी विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"जानेवारीपासून. रोज सांगत होतो, माझ्याकडे ये, तिथे मोठे डॉक्टर आहेत. मी घर बदललं तिच्यासाठी, तळमजल्यावर घेतलं. ती ऐकेना. म्हणे, तिचं काम आता हातातोंडाशी आलंय, ते होऊ दे, मग मी तिला सांगेन. तू सांगितलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

"मला वाटलं आई तुझ्याकडे यायला निघाल्यात."

"निघाली असती तर..." तो म्हणाला आणि बूट बघत बसला. मग म्हणाला, "मला तुझा फार राग यायचा या दोन महिन्यांत. तुला दिसत कसं नाही, म्हणून."

ढगळ स्वेटर, कापसाचा बोळा, न संपलेला भात. या वहीत सगळं माझ्याच हाताने लिहिलेलं आहे.

इस्पितळाच्या कागदांवर सही त्याची लागते. मी पेन दिलं.

१३ मार्च

दुपारी आई जाग्या होत्या. तो जेवायला खाली गेला होता. खोलीत ऊन नाही, खिडकी चुकीच्या बाजूला आहे.

"झाड लागलं का?" त्यांनी विचारलं.

"लागलं." खोटं. तारीख पुढे ढकललीय.

"खोटं बोलतेस. आवाजावरून कळतं मला."

मी म्हटलं, "त्या दिवशी मी तुम्हाला काय काय बोलले."

"जा म्हणालीस." त्या हसल्या, मग खोकल्या. मी पाण्याचा चमचा लावला. "मी मनात म्हटलं, निघालेच आहे गं बाई, ढकलतेस कशाला?"

"मला सांगायचं होतंत, आई."

"सांगितलं असतं तर तू काम टाकून घरी बसली असतीस. माझं तोंड बघत. त्याने मी बरी होणार होते का?"

"पण निदान..."

त्यांनी माझा हात शोधला. हात इतका हलका झालाय. "शहाणपणा चुकला असेल माझा," त्या म्हणाल्या. "मला वाटलं थोडे महिने अजून मिळतील. तुझं होईल, मग आपण निवांत बसू, रडायचं तेवढं रडू. माझा अंदाज चुकला."

मग मी विचारलं, "तुम्ही त्याच्याकडे का नाही गेलात? सहा वर्षांपूर्वी?"

"आता विचारतेस होय?" डोळे मिटूनच म्हणाल्या. "अगं, तू तेव्हा महिनाभर रोज भात करपवत होतीस. करपलेल्या भांड्यापाशी उभी राहून रडायचीस. तशी टाकून कशी जाणार?"

"आणि नंतर?"

"नंतर सवय झाली. तुझा भातही सुधारला."

१७ मार्च

आई गेल्या. पहाटे. तो आणि मी दोघेही तिथेच होतो आणि दोघांचाही डोळा लागला होता.

२५ मार्च

आजपासून ऑफिस. साहेबांनी रजेबद्दल एक शब्द विचारला नव्हता. सतरा तारखेला फोन केला तेव्हा एवढंच म्हणाले, "किती दिवस लागतील ते बघ आणि ये." मी मनात तयारी करून ठेवली होती, कोण होत्या ते कसं सांगायचं याची. ती वाया गेली.

शंकेखोराने माझ्या टेबलावर चहा आणून ठेवला. झाड उद्या सुरू होतंय. माझ्या गैरहजेरीत त्याने सगळ्या फांद्या पुन्हा हलवून बघितल्या. "एकही पान गळलं नाही," म्हणाला.

मी एकेक दिवस ढकलतेय.

११ एप्रिल

विभागाची प्रमुख झाले. पत्र आलं. घरी येऊन ते पत्र कोणाला दाखवायचं ते कळेना, म्हणून परत पाकिटात घातलं.

१५ एप्रिल

शंकेखोराने आज नामंजूर झालेले अर्ज काढून दाखवले. रीतच आहे, सुरुवातीचे काही आठवडे पडताळून बघायचे. बाकीचे बरोबर होते. एकावर त्याने बोट ठेवलं. एका महिला कंडक्टरचा अर्ज. सासरे वारले. विवाह आज अस्तित्वात आहे का, नाही. नामंजूर. अर्ज आल्यापासून निकाल लागेपर्यंत डोळ्याचं पातं लवायलाही वेळ लागला नव्हता. ही चौकट मला पंचवीस मार्चलाच आठवायला हवी होती.

"काही चूक नाही," शंकेखोर म्हणाला. "आपण ठरवलं तसंच झालंय."

आपण म्हणाला. तो भला माणूस आहे.

१६ एप्रिल

सकाळी मॅडमकडे गेले. म्हटलं, ती चौकट काढूया. निदान तिथून अर्ज अधिकाऱ्याकडे जाऊ दे.

त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "तुमच्या घरचं कळलं मला. वाईट वाटलं. पण एक सांगू? पूर्वी आमच्याकडे बाप गेलेल्या माणसाला मंजुरी मिळायची ती तो कामावर परत आल्यावर. आता तिथल्या तिथे मिळते. लोक दुवा देतात. एका अर्जासाठी उघडलं की सगळंच उघडावं लागेल. आणि नियम आता समितीने मंजूर केलाय. बदल पुढच्या बैठकीत, तीन महिन्यांनी."

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत तुमचाच नियम आहे," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता, नुसतं सांगितलं. म्हणून जास्त लागलं.

तिथून डेपोत गेले. का गेले, सांगता येत नाही. कंडक्टर फेरी संपवून आली होती, बाकावर बसून डबा खात होती. माझ्याच वयाची. मी सांगितलं, रजेचं सॉफ्टवेअर आम्ही केलंय, तुमचा अर्ज माझ्यामुळे नामंजूर झाला. तिला आधी समजेना. मग म्हणाली, "बसा ना."

मी बसले.

"नवरा दारूत गेला वाया, मी सोडलं त्याला," ती म्हणाली. "सासऱ्यांनी नाही सोडलं मला. माझ्या मुलीला शाळेत सोडायला तेच जायचे. या नोकरीच्या परीक्षेला बसवलं त्यांनीच. गेले त्या दिवशी माझी दोन नंबरची फेरी होती."

"तुम्ही गेला नाहीत?"

"बिनपगारी सांगून नंतर गेले. तोवर सगळं उरकलं होतं." तिने डबा बंद केला. "जुने साहेब होते ना, त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी भांडले असते. टेबलापुढून हलले नसते. पण मशीनने नाही म्हटलं. मशीनशी कोण भांडणार? मी आपली तिकिटं फाडत बसले."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "तुम्ही तरी काय करणार, तुम्हाला वरून सांगितलं असेल."

वरून कोणीही सांगितलं नव्हतं. हे तिला सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिच्या बसचा भोंगा वाजला आणि ती उठली.

३० एप्रिल

बैठकीसाठी टिपण लिहायला घेतलंय. शंकेखोर मदत करतोय. 'बाकी सगळे' हे पान नामंजूर ऐवजी अधिकाऱ्याकडे जावं, एवढीच मागणी. सोपी वाटते. पण पहिला परिच्छेद काही केल्या जमत नाही. 'काही नाती अशी असतात' असं लिहिते आणि खोडते. शंकेखोर म्हणाला, "नात्यांचं लिहू नका. कंडक्टरचं लिहा. जे झालं तेवढंच." तो परिच्छेद त्यानेच लिहिला.

मान्य होईल असं वाटत नाही. झालं तरी त्या बाईचा तो दिवस परत येणार नाही.

११ मे

आज तो आला होता. आईंच्या निवृत्तिवेतनाची काही कागदपत्रं हवी होती, आणि त्यांची एखादी वस्तू. मी म्हटलं, खोलीत जा, हवं ते घे. मी काही हलवलेलं नाही.

बराच वेळ आतून आवाज आला नाही. बघायला गेले तर तो पलंगावर बसला होता, उन्हात. म्हणाला, "इथे ऊन छान येतं गं."

"हो. मला वाटायचं, त्यासाठीच राहिल्या."

त्याने स्वेटर घेतला. मग विचारलं, शेवटी शेवटी ती काय खायची? काय बोलायची? संध्याकाळी काय करायची? मला जेवढं आठवलं तेवढं सांगितलं. काड्यापेटीच्या काड्यांचं सांगितलं, ट्रंक कॉलचं सांगितलं. दोनदा तो हसला. हसताना तो आईंसारखा दिसतो, हे मी विसरून गेले होते. शेवटचे आठवडे मी मुद्दाम उशिरा घरी येत होते, हेही सांगितलं. तो म्हणाला, "मीही एक्स्प्रेस गाडीने चार तासांवर होतो."

बायको बरी आहे का, विचारलं. बरी आहे म्हणाला. मूलबाळ नाही. मी उगाच काय काय रचलं होतं मनात.

मग तो निघाला. बूट घातले, स्वेटर काखेत धरला, दारात उभा राहून "येतो" म्हणाला. आणि मी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली,

"आई, हा निघाला बरं का!"

हाक घरभर गेली. तो उंबऱ्यात तसाच उभा. मीही. कोणी कोणाकडे बघितलं नाही.

मग त्याने स्वेटर खुर्चीवर ठेवला, खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या आणि परत आत येऊन बसला. मी चहा ठेवला.